लग्नपत्रिकेतला आरोपी

लोक जुन्नरला शिवनेरी बघायला जातात, लेणी बघायला जातात, नाणेघाटातला वारा डोक्यावरची टोपी खरंच उडवतो का ते बघायला जातात. मी गेलो ते पोलिसांनी बोलावलं म्हणून. माझ्यासारखा गुडघेदुखीचा माणूस नागपुराहून इतक्या लांब एरवी हललाही नसता, तेव्हा या प्रवासाचं सगळं श्रेय शासनाला आहे.

नोटीस टपालाने आली. टपाल खात्यात मी एकतीस वर्षं पत्रं निवडून वेगळी करण्याचं काम केलं, त्यामुळे सवयीने आधी पिनकोड बघितला. तो चुकलेला होता. मग मजकूर वाचला. जुन्नर तालुक्यातल्या एका वाडीच्या लोकांनी पाण्यासाठी रस्ता अडवला, बेकायदा जमाव जमवला, सरकारी नोकरांवर हत्यारं उगारली. आणि या सगळ्याच्या आयोजकांपैकी मी एक, आरोपी क्रमांक एकोणीस. त्या दिवशी मी घरी कूलरसमोर पाय वर करून पडलो होतो. बायकोने नोटीस दोनदा वाचली आणि म्हणाली, "आयोजक? तुम्ही? तुम्हाला साधी मेथीची जुडी धड आणता येत नाही."

वाडीचं नाव मात्र ओळखीचं होतं. ती लक्ष्मणची वाडी, घाटघरच्या बाजूची. लक्ष्मण आणि मी बावीस वर्षं एका टेबलावर पत्रं निवडली, एका डब्यातलं खाल्लं. निवृत्त झाल्यावर तो आपल्या डोंगरात परत गेला. नुकतंच त्याच्या मुलीचं, कविताचं, लग्न झालं होतं आणि पत्रिकाही नीट न वाचता, गुडघ्याचं निमित्त सांगून मी गेलो नव्हतो. लक्ष्मणला फोन लावला तर बंद. कविताला लावला. ती एवढंच म्हणाली, "काका, आबांना नेलंय. अन् पोलीस म्हनत्यात, आमी नेलंच न्हाई." मी बॅग भरली.

पेठ ते जुन्नर

पुण्याहून एसटी निघाली. वाटेत पेठ गावाला एक जाडजूड गृहस्थ चढले, पांढरीशुभ्र टोपी, कडक इस्त्री, आणि हातात अगदी माझ्यासारखाच लिफाफा. ते शेजारी बसले. दोघांनी एकमेकांचे लिफाफे बघितले. नव्या ओळखीला इतकं सोपं निमित्त मला आयुष्यात मिळालं नव्हतं.

"पावणं, तुमालाबी आलं का?" ते म्हणाले. "कितवा नंबर?"

"एकोणीस."

"लई वरचा हाये की! माझा अठ्ठावन्न." त्यांच्या आवाजात थोडा हेवा होता.

हे निरगुडसरचे बाळासाहेब. पिढ्यान्‌पिढ्यांची बागायती शेती आणि जोडीला मंचरला छापखाना. नोटीस आल्यावर ते घाबरून पेठला सासुरवाडीत जाऊन लपले होते. "चार दिस राह्यलो. पन रोज दोन टाइम मटन अन् वर आग्रह. मंग म्हनलं, यापरीस अटक बरी."

त्यांनी पिशवीतून एक लग्नपत्रिका काढून माझ्या मांडीवर ठेवली. कविताची. ती उलगडल्यावर मला सगळा उलगडा झाला.

आमच्याकडे नागपूरला पत्रिकेत वधू, वर, आईबाप, मुहूर्त आणि हॉलचा पत्ता असला की काम भागतं. इकडे तसं चालत नाही. इकडे पत्रिका म्हणजे मतदारयादी. निमंत्रक, व्यवस्थापक, स्वागतोत्सुक, मामाकडची मंडळी, आत्याकडची मंडळी, तरुण मंडळ, भजनी मंडळ. ज्याचं नाव राहिलं तो रुसतो आणि लग्नाला येत नाही, म्हणून गेलेल्या माणसांचीसुद्धा नावं मागे कै. लावून घालतात. मी लग्नाला यावं म्हणून लक्ष्मणने मला लाच दिली होती: 'प्रमुख उपस्थिती: मा. मधुकरराव, नागपूर'.

मोर्चा लग्नानंतर तिसऱ्या दिवशी झाला. वाडीत टिपूस पाणी नाही, म्हणून बायका रिकामे हंडे घेऊन रस्त्यावर बसल्या. ऊन होतं, मांडवाचं कापड अजून परत गेलं नव्हतं, तेच सावलीला बांधलं. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, मांडव पाडला, आणि त्या कापडाच्या गठ्ठ्यात उरलेल्या पत्रिका निघाल्या. संध्याकाळपर्यंत वरच्या साहेबांना आयोजकांची यादी हवी होती. एवढी सुबक, छापील, हुद्द्यांसकट यादी कुठल्या पोलिसाला कधी मिळाली असेल?

"ह्ये बघा," बाळासाहेब बोट ठेवून दाखवू लागले. "'सहकुटुंब, सहपरिवार, इष्टमित्रांसह उपस्थित राहावे'. ह्याला म्हनत्यात जमावाला चिथावनी. ह्या दीड वर्साच्या जुळ्या पोरी, 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!' म्हनून छापल्याल्या. त्यांचे नंबर तेहतीस, चौतीस. कैलासवासी दोघं. त्यांनाबी नोटीस हाये, हजर राहा न्हाईतर कारवाई."

"आणि एक्केचाळीस?" मी त्यांच्याकडची यादी वाचत विचारलं.

"समस्त ग्रामस्थ. नाव समस्त, आडनाव ग्रामस्थ, वय अंदाजे चाळीस, फरार."

"आणि तुम्ही?"

त्यांनी पत्रिकेच्या अगदी तळाशी नख टेकवलं. तिथे मुंगीएवढ्या अक्षरात छापखान्याचं आणि त्यांचं नाव होतं. "ठान्याच्या सायबांच्या पोरीच्या बारशाची पत्रिकाबी म्याच छापली व्हती, राव," ते खिन्नपणे म्हणाले आणि नारायणगाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

ठाण्यात

ठाण्याचं नाव मी लिहीत नाही. त्यांनी माझं नाव नको तिथे लिहिलं, म्हणून मीही तसंच करावं असं नाही.

हवालदार वागायला चांगले होते. खुर्ची दिली, पाणी दिलं. पाणी तांब्याच्या मोठ्या हंड्यातून काढलेलं होतं आणि भिंतीला लागून तसे पंधरा-वीस हंडे रांगेने मांडलेले होते, प्रत्येकाच्या गळ्यात चिठ्ठी. मी वाकून चिठ्ठी वाचली: 'धातूचे गोल पोकळ हत्यार, फेकून मारण्याजोगे'. ठाण्याच्या नळालाही चार दिवस पाणी नव्हतं, म्हणून टँकर आला की जप्त हत्यारं भरून ठेवत. मी हत्यारातलं पाणी प्यालो. गार होतं.

"मी लग्नाला आलोच नव्हतो," मी जबाब दिला. "मोर्च्याला तर नाहीच."

"पत्रिकेत उपस्थिती आहे," हवालदार म्हणाले.

"ती छापलेली आहे. मी नव्हतो."

"छापील पुरावा आहे, काका. तुमच्या तोंडी बोलण्याला काय किंमत?" ते समजुतीच्या सुरात म्हणाले. त्यांचा इलाजच नव्हता, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

मग मी लक्ष्मणची चौकशी केली. हवालदारांनी रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं. "आरोपी क्रमांक एक. फरार. दोन पथकं मागावर आहेत." आणि तसंच मागे वळून आतल्या खोलीकडे ओरडले, "अरे, एक नंबरला चहा दिला का?"

आतून आवाज आला, "त्याला कप धरता येत नाय, साहेब."

मी हवालदारांकडे बघितलं. हवालदारांनी रजिस्टर मिटलं. "एक नंबर म्हणजे कोण?" मी विचारलं. ते म्हणाले, "ते गोपनीय आहे." मी तिथून उठलो आणि मागे न बघता बाहेर आलो. मी भ्यालो होतो.

वाडी आणि नाणेघाट

दुसऱ्या दिवशी सकाळी मला न्यायला चिंधूनाना आले. लक्ष्मणचे चुलतभाऊ, वय साठीच्या पुढे, काटक, आणि तोंडावर कायमचा रुसवा. वाडीतले बाकी सगळे पुरुष रानात पळाले होते. चिंधूनाना एकटेच उजळ माथ्याने फिरत होते, कारण पत्रिकेत त्यांचं नाव नव्हतं.

"छापायचं राह्यलं म्हनत्यात," ते जीपमध्ये म्हणाले. "कसं राह्यलं? चुलता हाये पोरीचा. मी लग्नाला गेलोच न्हाई. दारात बसून वाजाप ऐकलं."

"पण आता त्याच रुसव्याने वाचलात की."

"काय वाचलो? मोर्च्यात पयला हंडा माझा व्हता, पावणं! घोषना मी दिल्या. मी ठान्यात जाऊन सांगितलं, मला धरा. हवालदार म्हनला, आजोबा, यादीत नाव न्हाई, घरी जावा. भावकीनंबी टाळलं, सरकारनंबी टाळलं." त्यांचे डोळे भरून आले होते. मला हसू आवरेना आणि हसताना लाज वाटली.

वाडी सुरेख आहे. जीवधनचा कडा मान मोडून वर बघावा इतका जवळ, भातखाचरं वाळून भेगाळलेली, करवंदांच्या जाळ्या काळ्याभोर लगडलेल्या. पावसाळ्यात इथे इतका पाऊस पडतो म्हणतात की दोन-दोन महिने कपडे वाळत नाहीत. आणि मे महिन्यात प्यायला पाणी नाही. प्रत्येक दारात मात्र नवाकोरा नळ आहे. नळ बसवला त्या दिवशी घरच्या बाईला शेजारी उभं करून फोटो काढला, नळ फोटोत आला, पाणी काही आलं नाही. एका घरी नळाला बाजाराची पिशवी अडकवलेली होती, दुसऱ्या घरी कोंबडं बसलं होतं.

कविता सासरहून आली होती. हातावरची मेंदी अजून लाल होती. तिच्या आईने, ठमावहिनींनी, मला नाचणीची भाकरी आणि करवंदांची चटणी वाढली. ही चटणी आमच्या सावजी रश्श्याइतकीच जाळते, फक्त आंबट वाटेने. वाढताना वहिनी डावा हात वापरत होत्या. मी विचारलं, तर त्यांनी उजव्या हाताचा पदर सरकवला. मनगटापासून कोपरापर्यंत निळा-काळा वळ होता. शेजारणी जमल्या होत्या. मग एकेकीने पाठ, पोटरी, दंड दाखवला, दागिने दाखवावेत इतक्या सहजपणे. मोर्च्याचं चित्रण होतं, पण पोलिसांनी सगळ्यांचे फोन काढून घेऊन त्यांच्यासमोरच ते पुसलं. त्या जुळ्या आरोपी माझ्या मांडीवर बसून माझा चष्मा ओढत होत्या. मी हातातली भाकरी ताटात परत ठेवली.

"काका," कविता म्हणाली, "धरलं म्हनून लिवलं असतं तर कोर्टात आनावं लागलं असतं. फरार लिवलंय. कागदावरचा फरार मानूस आत मेला, तरी कागदावर फरारच राहतोय."

हे तिने अगदी साध्या आवाजात सांगितलं. बावीस वर्षं ज्याच्या डब्यातलं खाल्लं तो माणूस एका रेघेवर लटकत होता, आणि ती रेघ हवालदाराच्या रजिस्टरात होती.

दुपारी चिंधूनानांनी मला नाणेघाटात नेलं. रानात लपलेल्या मंडळींना भाकरी पोचवायच्या होत्या. मी सोबत म्हणून गेलो आणि गुडघ्यामुळे घाटाच्या तोंडाशी, गुहेच्या दारातच बसलो. वाऱ्याने टोपी खरंच उडाली. गुहेत जुन्या राजघराण्याचे पुतळे होते म्हणे. आता पुतळे नाहीत, नुसती पावलं उरलीत, आणि वर कोरलेली त्यांची नावं शाबूत आहेत. चिंधूनाना रिकामं फडकं झटकत परत आले, वर बघितलं आणि म्हणाले, "नावं हायती, मानसं न्हाईत. ह्येंच्यावरबी केस घालतील." आणि जरा थांबून म्हणाले, "ह्येंचीबी नावं हायती."

पोस्टातलं काम

जुन्नरला मी एक वकीलबाई गाठल्या, तरुण आणि चटपटीत. त्या म्हणाल्या, धरल्यापासून चोवीस तासांत माणूस न्यायाधीशांपुढे उभा करावा लागतो. "पण धरल्याची नोंदच नाही, तर चोवीस तास मोजायचे कधीपासून? घड्याळच सुरू झालेलं नाही. तो आत आहे याचा एक चिटोरा आणा, मी आजच्या आज अर्ज करते."

मी लॉजवर येऊन पडलो. चिटोरा. एकतीस वर्षं मी दुसरं काय केलं? एका माणसाचं नाव लिहिलेला कागद नेमका त्या माणसापर्यंत पोचवायचा आणि पोचल्याचा कागद परत आणायचा. त्याला आम्ही रजिस्टर एडी म्हणायचो. हल्ली नाव-नियम बदलले म्हणतात, पण पोचपावतीवर सही लागते ती लागतेच.

मी उठलो, पोस्टात गेलो आणि पत्र लिहिलं: 'प्रिय लक्ष्मण, तू सापडत नाहीस, असं पोलीस म्हणतात. तू सापडला असलास तर कळव. तुझ्या मुलीच्या लग्नाला आलो नाही, त्याची शिक्षा म्हणून आता आलो आहे. तुझा, मधू.' पत्ता घातला: लक्ष्मण, आरोपी क्रमांक एक, आणि खाली ठाण्याचं नाव. पाठवणाऱ्याचा पत्ता, लॉज.

खिडकीतल्या बाईंनी पत्ता वाचला, मला न्याहाळलं, शिक्का मारला. मी पोस्टमनची गाठ घेतली. निवृत्तीला आलेला, घामेजलेला माणूस. मी त्याला एवढंच म्हणालो, "मी खात्यातला आहे. हे पत्र मालकाच्याच हातात पडलं पाहिजे."

तो दुखावला. "म्हंजे काय, राव? मी आजपावतो दुसऱ्याच्या हातात कधी दिलंय का?"

पुढचं मला त्यानेच सांगितलं, दुसऱ्या दिवशी, लॉजच्या पायरीवर मिसळ खाताना.

"ठान्यात गेलो. म्हनलं, लक्ष्मण कोन, सही पायजे. हवालदार म्हनला, दे इकडं. म्हनलं, तुमी लक्ष्मण का? न्हाई म्हनला. मंग मालक आना. तो म्हनला, मालक कोठडीत हाये, भायेर काढता येत न्हाई. म्हनलं, मंग मी पत्र परत नेतो, वर शेरा मारतो, ठान्यानं टपाल घ्यायला नकार दिला. तर तो चिडला. 'आमी कशाला नकार देऊ? सरकारी टपाल हाये!' म्हनलं, मंग रीतसर लिवून द्या, कोन घेतंय, का घेतंय. अन् शिक्का मारा, बिनशिक्क्याचं आमच्यात चालत न्हाई."

त्याने खिशातून पोचपावती काढून मला दिली. सुंदर वळणदार अक्षरात हवालदारांनी लिहिलं होतं: 'सदर इसम या ठाण्याच्या कोठडीत असल्याने त्याच्या वतीने स्वीकारले.' खाली सही, तारीख, वेळ, आणि ठाण्याचा गोल, निळा, ठसठशीत शिक्का. काम नेटकं झाल्याचं समाधान त्या अक्षरात दिसत होतं.

मी पोस्टमनला मिठी मारली. त्याच्या मिसळीचा रस्सा माझ्या सदऱ्यावर सांडला आणि वकीलबाईंकडे मी तसाच धावत गेलो, गुडघ्यासकट.

कोर्ट

पोचपावती वाचून न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचली. सरकारी वकिलांनी ती वाचली आणि पाणी मागवलं. दुपारी तीनपर्यंत फरार आरोपीला हजर करण्याचा हुकूम निघाला. ठाण्याने पावणेतीनलाच हजर केलं, आणि सोबत कागद जोडला की दोन पथकांनी अथक परिश्रम घेऊन त्यास आज दुपारी शिताफीने पकडले.

लक्ष्मण आत आला तेव्हा मी त्याला ओळखलं नाही. दाढी वाढलेली, अंगात कुणाचा तरी ढगळ पूर्ण बाह्यांचा शर्ट, त्या उन्हात मनगटापर्यंत बटणं लावलेला, उजवा हात बाहीत आत ओढून घेतलेला. मागच्या बाकावर कविता आणि ठमावहिनी होत्या, चिंधूनाना होते. आणि दारापाशी ठाण्याचे साहेब स्वतः उभे होते, कवितावर नजर ठेवून. लक्ष्मणने ते बघितलं. मीही बघितलं.

"पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

लक्ष्मणने पुन्हा दाराकडे बघितलं. "न्हाई," तो म्हणाला.

"मारहाण?"

"न्हाई, बाईसाहेब."

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. मला लक्ष्मणचा राग आला, आणि लगेच त्या रागाची शरम वाटली. मी कूलरसमोर पडलेला माणूस, मला काय अधिकार. न्यायाधीशबाई लिहीत राहिल्या. मग लिपिकाने जबाबाचा कागद लक्ष्मणपुढे सरकवला, पेन दिलं, कुठे सही करायची ते दाखवलं. लक्ष्मणने पेन घेतलं नाही. त्याने डाव्या हाताचा अंगठा शाईच्या डबीवर टेकवला आणि कागदावर उठवला.

न्यायाधीशबाईंनी कागद उचलला. वरचे तपशील वाचले, अंगठा बघितला, पुन्हा वर वाचलं.

"निवृत्त टपाल कर्मचारी," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षं नोकरी. तुम्हाला सही येत नाही?"

लक्ष्मणने दाराकडे बघितलं नाही. त्याने बाईंकडे बघितलं.

"मोर्च्याच्या दिवसापावतो येत व्हती, बाईसाहेब."

न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "बाही वर करा."